नवा स्पीकर, फाटका आवाज

गोंदियाच्या एका एकत्र कुटुंबांतून आलेल्या पत्रांत जी तक्रार केली आहे ती आज गांवोगांवच्या मोटारवाल्या घरांतून ऐकूं येते; म्हणून या महिन्याचें सदर सर्वस्वीं तिलाच दिलें आहे.

घरांत मोटार एक, आणि तींत बसणारीं माणसें तीन पिढ्यांचीं. भंडारा जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी मोठें दुखणें निघालें कीं नागपूरची वाट धरावी लागते. आणि सोयरीक तर बालाघाट, राजनांदगांव, दुर्ग अशी पसरलेली. तेव्हां तासन् तास मोटारींत बसणें ही या कुटुंबाची नित्याची गोष्ट होऊन बसली आहे. आजीबाईंस अलीकडे ऐकूं कमी येतें. प्रवासांत त्यांनीं आपलीं आवडतीं नाट्यपदें सुखानें ऐकावीं या हेतूनें नातवानें गाडींतले कंपनीचे स्पीकर काढवून चार नवे बसविले. पहिल्याच फेरींत आवाज फाटूं लागला. दुकानदार म्हणतो, ‘हे स्पीकर लहान पडले, मोठे घ्या, आणि जोडीला अॅम्प्लिफायरही घ्या.’ वडील म्हणतात, ‘पहिलेच बरे होते, पैसे मात्र गेले.’ आणि आजीबाई म्हणतात, ‘बंद कर रे बाबा, शब्दच कळत नाहींत.’ या तिघांपैकीं कोणाचें खरें मानावें, असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे.

आमच्या मतें रोगाचें सर्वांत अचूक वर्णन आजीबाईंनीं केलें आहे. आवाज लहान आहे असें त्या म्हणत नाहींत. शब्द कळत नाहींत असें म्हणतात. वार्धक्यांत श्रवणशक्ति सरसकट सारखी उणावत नाहीं. बहुधा प्रथम जाते ती उंच कंपनांचे बारीक ध्वनि ऐकण्याची शक्ति. बोलण्यांतले स्वर जोरकस आणि खालच्या पट्टींतले असतात, ते ऐकूं येत राहतात. पण ‘पाट’ कोणता आणि ‘ताट’ कोणतें, हें ज्या क्षणिक व्यंजनध्वनीवरून ओळखावयाचें तो बारीक व दुबळा असतो. आतां आवाज फाटतो म्हणजे काय होतें? मूळ गाण्यांत नसलेले नवे कर्कश ध्वनि त्यांत मिसळतात, आणि त्यांतील बराच भाग नेमका या बारीक व्यंजनांच्या प्रदेशांत जाऊन त्यांस झांकून टाकतो. तरुण कानास तें नुसतें अप्रिय वाटतें. वृद्ध कानास अर्थच लागेनासा होतो. मग कोणी तरी सद्भावनेनें बटण आणखी पिळतो, आवाज आणखी फाटतो, आणि आजीबाईंस पूर्वींपेक्षांही कमी कळतें. मागच्या बाकावर स्पीकरला कान लावून बसलेल्या नातवंडांच्या कानांचें काय होत असेल तें निराळेंच.

स्पीकरची रचना पाहिली म्हणजे पुढील सारा शोध सोपा होतो. कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक शंकु, त्याच्या मुळाशीं बारीक तारेचें वेटोळें, आणि तें वेटोळें लोहचुंबकाच्या अरुंद फटींत, कोठेंही न घासतां, मागें-पुढें हालतें. एवढाच हा कारभार. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनींतले चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं ही रचना व्यवहारोपयोगी रूपांत मांडली, आणि आजचा महागांतला महाग स्पीकरही त्याच जातीचा आहे. (तांदळाच्या पेठेंतील वाचकांस राइस या आडनांवाची गंमत वाटेल, पण त्याचा भाताशीं कांहीं संबंध नाहीं.) शंकूस हालावयास मोकळीक हवी, आणि त्याला हालविणारी वीज मूळ गाण्याच्या लाटेबरहुकूम हवी. या दोहोंपैकीं एकांत बिघाड झाला म्हणजे आवाज फाटतो.

परंतु त्याही आधीं, आपण लावतों तें गाणें मुळांत स्वच्छ आहे ना, हें पाहणें अवश्य आहे. भाऊबंदांकडून मोबाइलवर फिरत फिरत आलेलीं कीर्तनें व भजनें बहुधा मंडपांतल्या भोंग्यासमोरच टिपलेलीं असतात. दिवाळीनंतर झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते, रात्रभर नाटकें होतात, त्यांचीं टिपणेंही त्याच मासल्याचीं. तो आवाज मंडपांतच फाटलेला असतो, आणि कोणताही स्पीकर तो शिवून देणार नाहीं. जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरून उतरविलेल्या नाट्यपदांची खरखरही अशीच उपजत. परीक्षेसाठीं नीट ध्वनिमुद्रित केलेलें एकच गाणें ठरवावें. आमचा अनुभव असा कीं, या कामीं तंबोऱ्यासारखें साधन नाहीं. आपल्या संगीतांत जव्हारीची झणझण ही दोष नसून शोभा आहे, आणि आपला कान ती ओळखतो. स्पीकर निकोप असेल तर ती झणझण षड्जाभोंवतीं एकसारखी, गोल फिरत राहते; वेटोळें घासत असेल तर तिच्यांत मध्येंच वाळू चावल्यासारखी कचकच येते. तबल्याचा डग्गा दुसरें काम करतो. त्याचा घुमारा शंकूस सर्वांत दूर ढकलतो. म्हणून शंकु कोठें अडत असेल तर तें डग्ग्याच्या थापेवर उघडकीस येतें. हीच कसोटी गाडीचें एंजिन बंद ठेवून, खिडक्या लावून, सावकाश घ्यावी.

गाणें लावण्यापूर्वीं मोबाइलमधील ‘बेस वाढविणारी’ जी काय सोय असेल ती बंद करावी, आणि स्टिरिओवरील बेस व ट्रेबल दोन्ही मध्यावर आणावे. मोबाइल तारेनें जोडला असल्यास त्याचा आवाज पूर्ण न ठेवतां तीन-चतुर्थांश ठेवावा. कित्येकदां इतक्यानेंच रोग बरा होतो व दुकानाची पायरी चढावी लागत नाहीं.

इतकें करूनही आवाज फाटत असेल तर स्वतःस एक प्रश्न विचारावा: तो अगदीं हळू वाजत असतांनाही फाटतो, कीं बटण बरेंच वर नेल्यावर फाटतो? हळू आवाजांतही घरघर असेल तर दोष तारेंत, जोडणींत किंवा स्पीकरच्या बसवणुकींत आहे असें समजावें. केवळ मोठ्या आवाजांत असेल तर बहुधा विजेच्या शक्तीचा प्रश्न आहे, अथवा दाराचें अस्तर थरथरत आहे.

पहिल्या प्रकारांत दोष नेमका कोठें आहे हें शोधण्याची एक नामी युक्ति आहे, आणि ती बऱ्याच दुकानांतून, घाईमुळें म्हणा कीं अन्य कारणानें म्हणा, केली जात नाहीं. स्टिरिओवरील बॅलन्स व फेडर या बटणांनीं एका वेळीं एकच स्पीकर वाजवावा व चारांपैकीं कोणता फाटतो तें ठरवावें. समजा, पुढील डाव्या दारांतला फाटतो. मग तो काढून उजव्या दारांत व उजवा डाव्या दारांत बसवावा. घरघर स्पीकरबरोबर उजवीकडे गेली तर स्पीकर सदोष. ती डावीकडेच राहिली तर स्पीकर निर्दोष असून तार, जोडणी अथवा दार यांत खोट आहे. ही अदलाबदल अर्ध्या तासाची आहे. ती केल्यावांचून नवा स्पीकर विकत घेणें म्हणजे ताप मोजल्यावांचून औषध घेणें होय. शिवाय पावती व मूळ खोकें जपून ठेवलें असेल आणि दोष स्पीकरबरोबर फिरतो हें दुकानदारास समक्ष दाखवितां आलें, तर बदलून देण्याविषयीं वाद घालण्यास त्यास फारशी जागा उरत नाहीं.

स्पीकरच सदोष ठरला तरी तो कारखान्यांतून तसा आला असें लगेच समजूं नये. बसवितांना पत्र्यास भोंक पाडलें असेल तर लोखंडाचा बारीक कीस उडतो. लोहचुंबक तो आपल्याकडे ओढून घेतो, आणि एखादा कण फटींत शिरला कीं वेटोळें जन्मभर घासत राहतें. दुसरें असें कीं, चार स्क्रूंपैकीं एक पुरा आवळून मग दुसऱ्यास हात घातला तर स्पीकरची चौकट किंचित् पिळली जाते व वेटोळें मध्यावरून सरकतें. तेव्हां आधीं चारही स्क्रू अर्धवट ढिले करून, तिरप्या क्रमानें थोडे थोडे आवळून पाहावें. कित्येक ‘बिघडलेले’ स्पीकर एवढ्यानें सुधारतात. वेटोळें घासतें कीं नाहीं हें हातानेंही कळतें. शंकूच्या दोन्ही बाजूंस बोटें ठेवून अगदीं हलक्या हातानें तो सरळ आंत दाबावा व सोडावा. कागद खरवडल्यासारखा आवाज आला तर निदान पक्कें झालें.

स्पीकर निर्दोष ठरला तर तारा पाहाव्या. पिळलेल्या तारेचा एखादा सुटा केस शेजारच्या टोकास किंवा दाराच्या पत्र्यास टेंकत असतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या काळच्या कांहीं गाड्यांत स्पीकरची एक तार गाडीच्या पत्र्यास जोडून देण्याची चाल होती. आजच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात, आणि त्यांपैकीं कोणतीही पत्र्यास लागली तर आवाज फाटतो, नाहीं तर स्टिरिओच जातो. तारा नुसत्या पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळण्याची कारागिरी तर विदर्भांत मुळींच टिकत नाहीं. वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींत चिकटपट्टीचा डिंक पाझरून ती सुटते. गाडीच्या मूळ कपलरला जुळणारे तयार जोड मिळतात ते वापरावे. कंपनीची तार कापली असल्यास गाडीच्या हमीच्या वेळीं कंपनी हात वर करण्याचा संभव असतो.

एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर एक शंकु बाहेर येतो तेव्हां दुसरा आंत जातो. खरें पाहतां यानें आवाज फाटत नाहीं, पण डग्गा नाहींसा होतो आणि गायक समोर बसल्यासारखा न वाटतां कोठें तरी विरून गेल्यासारखा वाटतो. आणि पुष्कळ लोक त्यासही ‘फाटका आवाज’च म्हणतात. स्टिरिओपासून तार सोडवून दीड व्होल्टचा साधा सेल मोठ्या स्पीकरच्या टोकांस क्षणभर लावावा: सेलचें धन टोंक स्पीकरच्या धन टोंकास लागलें असतां शंकु बाहेर उसळला पाहिजे. (बारीक ट्वीटरवर हा प्रयोग करूं नये.) मल्टिमीटर घरांत असेल तर चार ओहमच्या स्पीकरच्या टोकांशीं साधारण तीन ते चार ओहम दिसावे. दोनच्या आसपास दिसले तर एकाच तारेवर दोन स्पीकर समांतर जोडले गेले असण्याचा संभव आहे. बहुतेक स्टिरिओंना तें ओझें झेपत नाहीं.

आतां दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे मोठ्या आवाजांतच फाटण्याकडे वळूं. गोंदियाच्या पत्रांतील प्रकार, लिहिलेल्या लक्षणांवरून, हाच दिसतो.

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट, चार वाटांनीं’ असें ठळक अक्षरांत छापलेलें असतें. वाचकांनीं त्याचें गणितच करून पाहावें. एंजिन चालूं असतां गाडींतील विजेचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत असतो. स्टिरिओंतील साध्या अॅम्प्लिफायरास या दाबाहून उंच लाट काढतां येत नाहीं. १४.४ व्होल्ट शिखर असलेल्या शुद्ध लाटेचा कार्यकारी दाब १०.२ व्होल्ट, त्याचा वर्ग करून चार ओहमनीं भागला म्हणजे २६ वॅट. वाटेंतील गळती वजा जातां बहुधा १८ ते २२ वॅट हातीं लागतात. मग ते ५० कोठून आले? १४.४ चाच वर्ग करून चारांनीं भागा: ५२ वॅट. म्हणजे लाटेचा माथा साफ कापून ती पार चौकोनी होईल तेव्हांच हा आंकडा येतो. खोक्यावर जो आंकडा अभिमानानें मिरविला जातो तो मुळीं फाटलेल्या आवाजाचाच आंकडा आहे! ठेंगण्या दारांतून उंच माणूस ताठ मानेनें जाऊं पाहील तर जें होईल तेंच या लाटेचें होतें. आणि बटण जितकें अधिक पिळावें तितका तिचा अधिक भाग कापला जातो.

यांत बेस वाढविण्याची हौस भर घालते. बेस १० डेसिबेलनीं चढविला तर त्या स्वरांसाठीं दसपट शक्ति लागते. जेथें २ वॅट पुरले असते तेथें २० लागतात, आणि स्टिरिओची सारी पुंजी डग्ग्यावरच खर्च होऊन गायकाच्या वांट्यास फाटका आवाज येतो. आकाशवाणीचें नागपूर केंद्र १९४८ सालीं सुरू झालें त्या काळीं दिवाणखान्यांतील व्हॉल्व्हच्या रेडिओची शक्ति तीन-चार वॅट असे, आणि तेवढ्यावर घरांतील दहा माणसें बातम्या ऐकत. धांवत्या गाडींत चाकांचा व वाऱ्याचा गोंगाट असल्यामुळें अधिक शक्ति लागते हें खरें. परंतु खिडक्या उघड्या ठेवून तो गोंगाट वाढवावयाचा आणि मग बटण पिळून त्यावर मात करावयाची, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

वडिलांचें म्हणणेंही या ठिकाणीं निराधार ठरत नाहीं. कंपनीच्या साध्या स्पीकरचा शंकु पुष्कळदां हलका असतो व थोड्या शक्तींत चांगला बोलतो. बाजारांतील भारी स्पीकरचा शंकु कित्येकदां जड असतो. स्पीकरबरोबरच्या कागदावर ‘संवेदनक्षमता’ म्हणून डेसिबेलमध्यें एक आंकडा दिलेला असतो. एकाचा ९० व दुसऱ्याचा ८७ असेल तर तितकाच आवाज काढण्यास दुसऱ्यास दुप्पट शक्ति लागते. नातवानें स्पीकर अधिक चांगला आणला, पण त्याला हांकणारा स्टिरिओ तोच राहिला. म्हणून पूर्वीं ज्या आंकड्यावर आवाज पुरत असे तेथें आतां पुरत नाहीं, आणि बटण पुढें जातें. दुकानदाराच्या सल्ल्याचा अर्धा भाग यावरून बरोबर ठरतो. मोठा आवाज खरोखरच हवा असेल तर चार वाटांचा एक लहान अॅम्प्लिफायर हा योग्य उपाय आहे. मात्र त्यावर ‘आर.एम.एस.’ या अक्षरांपुढें किती वॅट लिहिले आहेत तेवढेंच वाचावें. आणखी मोठे स्पीकर घेण्यानें कांहींच साधणार नाहीं. अॅम्प्लिफायर घेतलाच तर त्याची तार थेट बॅटरीपासून येते, म्हणून बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज हवा. त्यावांचून ती तार पत्र्यांत कोठें घासून उघडी पडली तर गाडी पेटावयास वेळ लागत नाहीं. याबाबतींत कोणाही कारागिराची सबब ऐकूं नये.

अॅम्प्लिफायर न घेतां करण्याजोगा उपाय मात्र फुकटचा आहे, आणि आजीबाईंच्या दृष्टीनें तोच अधिक गुणकारी होय. स्टिरिओंत ‘हाय-पास’ नांवाची सोय असल्यास ती ८० च्या आंकड्यावर लावावी, म्हणजे दारांतल्या लहान शंकूंवर खोल स्वरांचें ओझें पडत नाहीं. नसल्यास बेस मध्यापासून दोन-तीन खुणा खालीं आणावा व ट्रेबल एक खूण वर न्यावा. आजीबाई ज्या बाजूस बसतात त्या बाजूकडे बॅलन्स व फेडर किंचित् वळवावे, म्हणजे साऱ्या गाडीचा आवाज न वाढवितां त्यांच्यापुरता तो वाढतो. मग डग्गा व तंबोरा ऐकत बटण हळूहळू वर न्यावें, जेथें फाटण्याची पहिली चाहूल लागते तो आंकडा पाहावा, आणि त्याहून तीन-चार आंकडे खालीं घरची मर्यादा ठरवून ठेवावी.

राहिली दारांची गोष्ट. गाणें चालूं असतां एकानें दाराच्या अस्तरावर तळहात दाबून धरावा. खडखड थांबली तर स्पीकरचा दोष नाहीं, अस्तराच्या पकडी सुटल्या आहेत किंवा खिशांत ठेवलेली पाण्याची बाटली नाचत आहे. खिडकीची काच पूर्ण खालीं घेऊनही एकदां ऐकावें, कारण जाड लोहचुंबकाचा स्पीकर बसविला असेल तर खालीं आलेली काच त्याच्या पाठीस टेंकते. पुढील बाजूस शंकूच्या कडेचें रबर जाळीस लागत नाहीं ना, हेंही पाहावें. लागत असेल तर मध्यें एक कडें घालून स्पीकर थोडा मागें घेतां येतो.

अस्तर उघडलेंच आहे तर त्यामागील प्लॅस्टिकचा पडदाही पाहून घ्यावा. काचेच्या फटींतून पावसाचें पाणी दाराच्या पोटांत उतरतें व तळच्या भोंकांतून निघून जातें, अशी गाडीची मूळ योजनाच असते. त्या पाण्यापासून आंतील बाजू सुरक्षित राखण्यासाठीं हा पडदा असतो, आणि स्पीकर बसविणारे घाईनें तो फाडून टाकतात. मग ओला झालेला कागदी शंकु पहिल्याच पावसाळ्यांत लिबलिबीत होतो व आवाज पुन्हां फाटूं लागतो. जाड प्लॅस्टिकचा तुकडा कापून, स्पीकरच्या वर पागोळीसारखा झुकता राहील असा तो पत्र्यास चिकटवावा, आणि हें काम मृगापूर्वीं, दार कोरडें असतांनाच, उरकून घ्यावें.